नाव, गाव आणि पताका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"यंदा वर्धापनदिनाला तुम्ही माशांवर बोला," असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. ही बातमी आमच्या इमारतीत पोचली तेव्हा शेजारच्या वहिनींनी जिन्यातच विचारले, "काय सांगणार, भरलेले पापलेट की बोंबलाचे कालवण?" त्यांची निराशा करताना मला खरोखर वाईट वाटले. मी ज्या माशाविषयी बोलणार आहे तो आपल्या कढईत येत नाही. तो राहतो आफ्रिकेतल्या नद्यांत, नाहीतर हौशी माणसांच्या घरी काचेच्या पेटीत. त्याचे नाव बिचिर. मी काही प्राणिशास्त्राची विदुषी नव्हे. आयुष्यभर घर सांभाळले, दोन मुलांच्या परीक्षा सांभाळल्या, आणि आता तीन वर्षे सहा फुटांची एक पेटी सांभाळते आहे. तेव्हा सांगण्यात काही उणेअधिक झाले तर पदरात घ्या. शिवाय आज मला तुमच्यासमोर स्वतःची एक चूक दुरुस्त करायची आहे. ती मात्र शेवटी सांगेन, नाहीतर तुम्ही आत्ताच चहाला उठाल.

पेटी आमच्या ह्यांची. नोकरीवरून संध्याकाळी घरी आले की चपला काढायच्या आधी पेटीतला दिवा लावायचे. मला त्या माशांचे कधी कौतुक वाटले नाही. रंगीबेरंगी मासे असते तर एक वेळ समजू शकले असते. हे लांबट, मातकट रंगाचे, तळाशी पडून राहणारे. मध्येच पृष्ठभागावर येऊन श्वास घेणार आणि पुन्हा खाली. मी म्हणत असे, "तुमचे मासे आणि तुम्ही सारखेच. बोलणार नाही, हलणार नाही." त्यावर हे नुसते हसायचे.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. दिवस झाल्यावर धाकटा म्हणाला, "आई, पेटी देऊन टाकूया. तुला पाणी बदलणे झेपायचे नाही." ते खरेच होते. ओळखीतून एक गृहस्थ पाहायला आले. पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सगळे साधेच आहेत, काकू. जागा तेवढी अडते आहे. पेटीसकट चार हजार देतो." मी हो म्हणणार होते. पण पेटीखालचे कपाट रिकामे करताना ह्यांची एक वही हाती आली. दूधवाल्याच्या हिशेबाला ठेवतो तशी, लांब वही. तिच्यात प्रत्येक माशाला एक पान. वरती नाव, मग कोठून घेतला, आणि मग एक आकडा: "९ पताका." दुसऱ्या पानावर "११ पताका." सर्वांत मोठ्या माशाच्या पानावर असे लिहिले होते: "दुकानात एंडलिचरी म्हणाले. १३ पताका. खालचा ओठ. काँगिकस तर नव्हे? नदी कोणती?" आणि पुढे पान कोरे.

मैत्रिणींनो, नवऱ्याचे अर्धे राहिलेले वाक्य पुढ्यात आले की मनाची काय अवस्था होते ते तुमच्यापैकी काही जणींना मी सांगायला नको. मी त्या गृहस्थांना फोन करून नाही म्हटले आणि चष्मा लावून पेटीसमोर बसले.

आता या पताका म्हणजे काय? आपल्या रोहूच्या पाठीवर पर असतो तसा सलग पर बिचिरला नसतो. त्याच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत छोट्या छोट्या परांची रांग असते. प्रत्येकाला पुढे एक ताठ काटा आणि त्याच्यामागे पातळ पडदा. हा मासा दचकला की ती रांग उभी राहते, आणि वारीतल्या दिंडीच्या पताका एकामागून एक उंच व्हाव्यात तसे दिसते. म्हणून ह्यांनी त्यांना पताका म्हटले असावे. शास्त्रज्ञांनी या कुळाला पॉलिप्टेरस म्हणजे 'अनेक परांचा' हे ग्रीक नाव दिले, तेही याचसाठी.

याची शास्त्राशी ओळख झाली ती नाईल नदीवर. १७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर विद्वानांचीही एक तुकडी होती. तीत जॉफ्रुआ सेंट-हिलेअर नावाचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याने या माशाचे वर्णन १८०२ साली प्रसिद्ध केले आणि विद्वानांत खळबळ उडाली. कारण या माशात सगळेच चमत्कारिक. अंगावर शंकरपाळ्यांसारखे चौकोनी, हाडासारखे टणक खवले एकमेकांत घट्ट बसवलेले. छातीचे पर मांसल, बुंध्याशी हातासारखे. पोटात फुप्फुसांची जोडी. आणि पिल्लांच्या मानेशी बेडकाच्या पिल्लाला असतात तसे बाहेर लोंबणारे, पिसासारखे कल्ले. पाण्यातला प्राणी जमिनीवर कसा आला या कोड्याचे उत्तर याच्या अंड्यांत सापडेल, असे त्या काळच्या अभ्यासकांना वाटले.

त्या अंड्यांपायी माणसांनी जीव गमावले, हे वाचून मी अगदी थक्क झाले. नेथन हॅरिंग्टन नावाचे अमेरिकन संशोधक या माशाच्या शोधात नाईलकडे गेले आणि १८९९ साली तिकडेच वारले. केंब्रिजचे जॉन सॅम्युअल बजेट हे त्याच ध्यासाने चार वेळा आफ्रिकेत गेले. चौथ्या खेपेस, १९०३ साली, नायजर नदीच्या मुखप्रदेशात त्यांना यश आले. फलित झालेली अंडी व वाढणारी पिल्ले हाती लागली. ते इंग्लंडला परतले, चित्रे काढली, पण तिकडच्या तापाने शरीर पोखरलेले होते. जानेवारी १९०४ मध्ये ते वारले. वय अवघे एकतीस. त्यांनी जमवलेल्या सामग्रीवरचे काम पुढे त्यांचे स्नेही ग्रॅहम कर यांनी पुरे केले. अर्धे राहिलेले काम दुसऱ्याने पुरे करायचे असते, हे मला त्या हकिकतीतून पटले. माझे काम त्या मानाने अगदीच सोपे होते. मला फक्त एका माशाचे नाव शोधायचे होते.

ते कसे शोधतात ते सांगते. या कुळात डझनाहून अधिक जाती आहेत. पहिला प्रश्न ओठांचा. माशाचे तोंड मिटलेले असताना बाजूने पाहावे. वरचा जबडा पुढे आलेला असेल तर एक गट. सेनेगल, डेलहेझी, ऑर्नाटिपिनिस, वीक्साय, पाल्मास हे सगळे त्यातले. खालचा जबडा पुढे असेल तर दुसरा गट. एंडलिचरी, काँगिकस, लाप्रादेई आणि नाईलचा मूळ बिचिर. यातले बरेच अंगानेही थोराड होतात. आपल्या घरी येणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरून "ही आईवर गेली की बापावर" हे आपण उंबऱ्यातच ठरवतो ना? तसेच हे. एकदा हा प्रश्न सुटला की निम्मी यादी गळते.

दुसरा प्रश्न पताकांचा. पाल्मासला पाच ते नऊ, सेनेगलला साधारण आठ ते अकरा, डेलहेझीला दहा ते तेरा, एंडलिचरीला अकरा ते चौदा, आणि नाईलच्या बिचिरला पंधराच्या आगेमागे, कधी अठरापर्यंत. मोजायला मासा बाहेर काढू नये. जाळीत काटे अडकतात आणि पताका फाटतात. तो काचेजवळ स्वस्थ पडला असताना फोनने बाजूचा फोटो काढावा आणि मग निवांत मोजावे. पताका तुटलेली असेल तर रांगेत खिंड दिसते, तीही धरावी. मी तीन वेळा मोजते. पोळ्या लाटून झाल्यावर मोजतो तशी घाईत मोजणी केली की एखादी चुकतेच.

तिसरा प्रश्न अंगावरच्या खुणांचा, आणि हा सर्वांत फसवा. सेनेगलच्या पिल्लाच्या अंगावर लांबट काळे पट्टे असतात, मोठेपणी ते पुसट होऊन मासा राखी होतो. म्हणून कोणी पिल्लू एका नावाने घेतो आणि वर्षाने त्याला वाटते की मासा बदलला. डेलहेझी आणि वीक्साय दोघांच्याही पाठीवर आडवे काळे पट्टे असतात, आणि दुकानात एकाच्या नावावर दुसरा सहज खपतो. माझ्या कोड्यातले दोघे तर त्याहून अवघड. एंडलिचरीचे डोके रुंद व चपटे. पाठीवरचे पट्टे जाड, आणि कुशीच्या मध्याशीच थांबणारे. काँगिकस अंगाने सडपातळ, त्याचे पट्टे बारीक आणि पोटाकडे अधिक खाली उतरणारे. पताकांचे आकडे दोघांचे एकमेकांत मिसळतात. एके काळी विद्वानसुद्धा काँगिकसला एंडलिचरीचीच पोटजात मानत. मग आपण भांबावलो तर नवल काय? रेट्रोपिनिस या नावाखाली तर कितीतरी वर्षे दोन जाती एकत्र नांदत होत्या. २००६ साली श्लीवेन आणि शेफर या दोघांनी त्या वेगळ्या केल्या आणि नव्या जातीला काँगोच्या दंतकथेतल्या राक्षसाचे, मोकेलेम्बेम्बेचे, नाव दिले.

म्हणून चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा: गाव कोणते? मासा कोणत्या नदीत धरला? एंडलिचरी नाईल, चाड आणि नायजरकडचा. काँगिकस काँगो नदीचा आणि टांगानिका सरोवराचा. गाव कळले की वाद संपतो. हापूसचे नाही का तसेच? पेटीवर 'देवगड' लिहिलेले असते, आत भलतीकडचा आंबा निघतो. रंग तोच, आकार तोच, आणि घरी कापल्यावर आपण कपाळाला हात लावतो. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते याच कारणाने. या माशांचे मात्र असे की नदीवर कोळी ते धरतो, व्यापारी गोळा करतो, दुसऱ्या देशातला व्यापारी पुढे धाडतो, आणि आपल्या दुकानात येईपर्यंत गाव वाटेत कुठेतरी सांडलेले असते. हौशी लोक 'फाराना'सारखी नावे सांगतात. फाराना हे गिनी देशातले नायजर नदीवरचे गाव. पण गावाचे नाव म्हणजे जातीचे नाव नव्हे, आणि पिशवीवर लिहिले म्हणून मासा तिथलाच असेल असेही नाही.

यात आणखी एक गाठ आहे. नदीतून धरलेला मासा वेगळा आणि मत्स्यपालन केंद्रात वाढवलेला वेगळा. पांढराफटक सेनेगल किंवा लांब परांचा सेनेगल दुकानात दिसला तर तो माणसाने पैदास केलेला, हे समजून चालावे. एरवी मात्र नुसते पाहून सांगणे कठीण, कारण वाढ कशी झाली त्यावर अंगही बदलते. कॅनडातल्या संशोधकांनी सेनेगलची पिल्ले सुमारे आठ महिने जवळजवळ जमिनीवरच वाढवली. ती अधिक सफाईने चालू लागली आणि त्यांच्या खांद्याची हाडेही निराळी घडली. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. मग काचेच्या टाकीत आणि वाहत्या नदीत वाढलेले दोन भाऊ तंतोतंत सारखे कसे दिसावेत? 'नदीचा' म्हटले की दुकानात किंमत चढते, एवढे मात्र खरे.

इथे माझ्या हातून जे घडले ते सांगते. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मी एक नवा सेनेगल आणला. दुकानदार म्हणाला, "काकू, नदीतून धरलेला आहे, थोडे दिवस वेगळा ठेवा." मी मनात म्हटले, किंमत वाढवायची ही रीत मला ठाऊक आहे, याच व्यापाऱ्यांनी ह्यांना चुकीचे नाव सांगितले होते. मी मासा सरळ मोठ्या पेटीत सोडला. आठवड्याभरात सगळे मासे अंगाला झटके देऊ लागले. परांवर बारीक केसासारखे काहीतरी वळवळत होते. बिचिरच्या कातडीवर राहणारा एक चिवट कृमी असतो, आणि नदीतून आलेल्या माशाबरोबर तो हमखास येतो. मला औषध कळेपर्यंत उशीर झाला. बाकीचे वाचले. ह्यांचा सर्वांत जुना सेनेगल, चौदा वर्षांचा, ज्याला हे 'आजोबा' म्हणत, तो गेला. वहीच्या पहिल्या पानावर त्याचेच नाव आहे. ९ पताका.

एकदा मला खोटे नाव मिळाले होते म्हणून दुसऱ्या वेळी मी खरे नावही खोटे मानले. न पाहता विश्वास ठेवणे हा जसा आळस, तसा न पाहता अविश्वास ठेवणे हाही आळसच. तेव्हापासून कोणताही मासा आला, कोणी काहीही सांगितले, तरी निदान महिनाभर तो निराळ्या टाकीत राहतो. आपण बाळंतिणीच्या खोलीत सहज कोणाला येऊ देत होतो का?

आता त्या मोठ्या माशाकडे वळते. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण घरी आला. बिचिरची पैदास करण्याची त्याला हौस. म्हणाला, "मावशी, तुमचा एंडलिचरी नर आहे, माझ्याकडे मादी आहे. काही दिवस द्याल का? पिल्ले झाली तर निम्मी तुमची." नर ओळखायचा तो पोटामागच्या परावरून, नराचा तो पर रुंद आणि जाड असतो. तेवढे त्याचे बरोबर होते. मुलगा गुणी होता, मी हो म्हणणार होते. पण वहीतले ते प्रश्नचिन्ह आठवले. हा काँगिकस असेल तर पिल्ले ना इकडची ना तिकडची होतील, आणि तो मुलगा प्रामाणिकपणे ती एंडलिचरी म्हणून चार घरी देईल. ती चार घरे आणखी दहांना देतील. चूक माझ्या एका 'हो' मधून निघेल आणि पुन्हा कोणाला सापडणार नाही. मी त्याला म्हटले, "बाळ, मला पंधरा दिवस दे."

मी ह्यांच्या जुन्या दुकानात गेले. मालकांना ह्यांची आठवण होती. तेव्हाची कागदपत्रे कुठली राहणार? पण मी विचारले, "त्या दिवशी त्याच खोक्यातून आणखी कोणते मासे आले होते?" ते थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "हो, आठवते. जाळीच्या नक्षीचे ऑर्नाटिपिनिस होते आणि दोन वीक्साय. साहेब त्या नक्षीवाल्यांसमोर तासभर उभे होते."

मैत्रिणींनो, मी दुकानातल्या स्टुलावर बसलेच. वीक्साय काँगोच्या खोऱ्यातला. ऑर्नाटिपिनिस काँगो आणि टांगानिकाचा. नवरी कोणत्या गावची हे पत्रिकेत नसले तरी बरोबरच्या वऱ्हाडावरून कळते, तसे झाले. नुसत्या वऱ्हाडावर निकाल देऊ नये, हे मला मान्य आहे. पण घरी येऊन फोटो पुन्हा पाहिले: सडपातळ अंग, बारीक पट्टे, पोटाकडे उतरलेले. तीन साक्षी एकच बोलत होत्या. मी त्या मुलाला बोलावून सगळे सांगितले. तो जरा हिरमुसला, पण जाताना म्हणाला, "मावशी, बरे झाले सांगितलेत." आता तो काँगिकस मादी शोधतो आहे, आणि दुकानदाराला आधी नदी विचारतो.

आणि आता माझी चूक. गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही सगळ्या आमच्याकडे आला होता. तेव्हा मी हौसेने पेटीवर एक पाटी लावली होती: 'एंडलिचरी बिचिर, नाईल नदी.' अक्षर सुरेख काढले होते, भोवती रांगोळीची वेलबुट्टीही काढली होती. तुमच्यापैकी दोघींच्या नातवंडांनी ते नाव शाळेच्या वहीत लिहून घेतले. वहीत ह्यांनी प्रश्नचिन्ह घातले आहे, हे मला त्या दिवशी ठाऊक होते. पाटीवर ते शोभणार नाही म्हणून मी गाळले. एवढी वर्षे त्या माणसाने जे प्रामाणिकपणे जपले ते मी वेलबुट्टीपायी पुसून टाकले. तेव्हा त्या दोघींना माझी विनंती आहे की घरी जाऊन मुलांना सांगावे: तो मासा काँगिकस आहे, नदी काँगो, आणि चूक आजींची होती.

वहीतल्या त्या कोऱ्या पानावर मी उत्तर लिहिले आहे. ह्यांच्या अक्षराखाली माझे अक्षर जरा वाकडेच दिसते. पण प्रश्नचिन्ह मी खोडले नाही. उद्या कोणी माझ्याहून जाणकार येऊन माझे उत्तर चुकीचे ठरवले, तर त्यालाही लिहायला खाली जागा ठेवली आहे.

आपण बायका रोज नावे घेतो, ठेवतो आणि पुढे देतो. भाजीची, धान्याची, औषधाची, माणसांचीसुद्धा. कोणाच्या सुनेविषयी जिन्यात ऐकलेले नाव पुढच्या मजल्यावर नेण्याआधी थांबून पताका मोजाव्यात, एवढे मी या मुक्या माशाकडून शिकले. पाणी बदलणे मला अजून जड जाते, पण दिवेलागणीला पेटीतला दिवा आता मीच लावते. कोणाला पाहायला यायचे असेल तर जरूर या. पाटी नवी आहे, वेलबुट्टी मात्र नाही.